बर्च रनच्या सभेचा कल

१

गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघू नये, पायांकडे बघावं, असं कॅलेब हूप्स म्हणायचा. बर्च रन गावात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, दोर, कप्प्या, घोड्याच्या नालापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं. शाळा सहावीपर्यंत झालेली, बाकीचं शिक्षण गल्ल्यामागे उभं राहून. एकदा एक शेतकरी अर्धा तास एका कुऱ्हाडीचं कौतुक करत राहिला, आणि पाय मात्र दाराकडे वळलेले. शेवटी कॅलेबने कुऱ्हाड त्याच्या हातातून काढून घेतली. म्हणाला, "तुला कुऱ्हाड नकोय. तुझं घरी भांडण झालंय आणि ते कुणाला तरी सांगायचंय. बस." शेतकरी तासभर बसला, काहीही न घेता गेला, आणि त्यानंतर जन्मात दुसऱ्या दुकानाची पायरी चढला नाही.

ही नजर ओळखूनच तिथल्या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी त्याला सभेचा चिटणीस केलं होतं, त्याला एकोणीस वर्षं झाली. हे लोक एकमेकांना 'मित्र' म्हणतात, आणि न्यायाधीश असो की गवळी, सगळ्यांना 'तू'. त्यांच्यात मतदान नसतं. विषय मांडायचा आणि गप्प बसायचं. ज्याला आतून काही उमगेल त्याने उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी ते पचेपर्यंत पुन्हा गप्प बसायचं. या सगळ्यातून सभेचा कल कुठे आहे ते चिटणिसाने ओळखायचं, आणि तिथल्या तिथे ठराव लिहून वाचून दाखवायचा. हात मोजायचे नाहीत. दहा तोंडं 'हो' म्हणत असली आणि खोलीत 'नाही' जड झालेलं असलं, तर ठराव नाही.

पहिल्या वारी, म्हणजे जग ज्याला रविवार म्हणतं त्या सकाळी, साडेआठला कॅलेब सभाघर उघडायचा. दगडी इमारत, दोनशे वर्षांची. ना शिखर, ना घंटा, ना पाद्री. परक्याला धान्याचं कोठार वाटावं. आत मधोमध छतापासून जमिनीपर्यंत फळ्यांची भिंत. जुन्या काळी पुरुष अलीकडे बसत, बायका पलीकडे. उपासनेच्या वेळी फळ्या वर ओढायच्या, कामकाजाच्या वेळी खाली सोडायच्या. ओढायचा रहाट वर माळ्यावर. आता सगळे अलीकडेच बसत, कारण सगळे म्हणजे सातजण. कॅलेब आणि त्याची बायको रूथॅना. गोठ्यातून थेट येणारा जोएल पासमोर. मधमाश्या पाळणाऱ्या पाईल बहिणी. निवृत्त मास्तर हार्लन. आणि चौऱ्याऐंशी वर्षांची मर्सी टॅटनल, जी रस्त्यापलीकडच्या घरातून काठी टेकत चालत यायची. बायकांची बाजू अकरा वर्षं बंद होती. दोन शेगड्या पेटवायला लाकूड कुणाकडे आहे?

दुधावर साय धरते तशी सभा धरते. दहाला सगळे बसले की लगेच शांतता होत नाही. हार्लनचे दोन खोकले होतात, जोएलचे बूट सरकतात, मर्सीची काठी बाकाला टेकते, थोरली पाईल नाक शिंकरते. दहा मिनिटांनी हे सगळं तळाशी बसतं. सातजणांचे आवाज कॅलेबला आपल्या दुकानातल्या खणांसारखे पाठ होते.

दुसऱ्या महिन्यातल्या, म्हणजे फेब्रुवारीतल्या, त्या सकाळीही ते तसेच तळाशी बसले. अलीकडे सगळं निवांत झालं. आणि मग फळ्यांच्या पलीकडे एक बाक कुरकुरला.

मग दुसरा. मग जाड कापडाची सळसळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली. कुणीतरी घसा साफ केला, तोंडावर हात धरून, बेतानं. टाच लाकडाला लागली. एकेक करत तेही आवाज तळाशी बसले, आणि पलीकडेही शांतता झाली.

कॅलेबच्या अंगावर काटा आला तो आवाजांनी नाही. पलीकडची शांतता आपल्या शांततेपेक्षा चांगली होती, मुरलेली होती, म्हणून आला.

२

लाकूड फुगतं, आकसतं. शेगडीची ऊब फळ्यांतून पलीकडे झिरपते आणि गारठलेले बाक बोलू लागतात. हे कॅलेबला कळत होतं. कळलेलं तपासून बघावं हेही कळत होतं. सभा संपल्यावर, म्हणजे रिवाजाप्रमाणे त्याने शेजारच्या जोएलचा हात हातात घेऊन सभा मोडल्यावर, सगळे गाड्यांकडे गेले, तेव्हा तो इमारतीला वळसा घालून बायकांच्या दाराशी गेला. पायरीवर वीतभर बर्फ होतं आणि त्यावर चिमणीचंही पाऊल नव्हतं.

दार खांद्याने ढकलून उघडावं लागलं. आत गारठा इतका की श्वासाची वाफ दिसत होती. बाकांच्या रांगा, त्यांवर धूळ. गेल्या हिवाळ्यात त्यानेच मांडलेले उंदरांचे तीन सापळे तसेच्या तसे, चीज वाळून दगड झालेलं. उंदीर नाहीत, खारी नाहीत. कुणीच नाही.

"कोण आहे?" असं त्याने विचारलं नाही. एकसष्ट वर्षांच्या दुकानदाराने रिकाम्या खोलीला असं विचारायचं नसतं. पण निघताना त्याने डोक्यावरची हॅट सारखी केली आणि दार हळू लावलं, आत कुणी बसलेलं असताना लावतात तसं.

जेवताना त्याने रूथॅनाला विचारलं, "तुला आज काही ऐकू आलं?"

"हार्लनचा खोकला. त्याला मध द्या म्हणून पाईल बहिणींना सांगितलं, तर म्हणतात, पाठवतोय की, पण तो खात नाही, दाताला लागतो."

"आणखी?"

तिने सफरचंदाची पाई कापली, मोठा तुकडा त्याच्या ताटात टाकला. "तू ते पत्र टाकलंस का?"

पत्र त्याने टाकलं होतं. या भागातल्या सगळ्या सभांवरच्या, म्हणजे वरच्या सभेला लिहिलं होतं, की बर्च रनमध्ये आता सातजण उरले आहेत, छप्पर गळतं, तेव्हा ही सभा विसर्जित करून आम्हाला बारा मैलांवरच्या मोठ्या सभेत सामावून घ्यावं. पुढच्या महिन्यात वरून कुणी येईल, ठराव होईल, किल्ली द्यायची.

"मर्सीचं काय?" रूथॅना म्हणाली.

"जोएल नेईल की गाडीने."

"मर्सी आयुष्यात दोनदा गाडीत बसली, कॅलेब. दोन्ही वेळा ओकली. बारा मैल म्हणजे तिची सभा संपली. पासष्ट वर्षं ती एकाच बाकावर बसतेय."

"ती हो म्हणालीय."

"म्हणालीय," रूथॅना म्हणाली. "आता पाई खा."

पत्रात एक गोष्ट त्याने लिहिली नव्हती. ती रूथॅनालाही ठाऊक नव्हती. दोन वर्षं झाली, त्या शांततेत कॅलेबला काही म्हणता काही मिळत नव्हतं. डोळे मिटले की समोर स्क्रूंचे डबे यायचे. तीन नंबरचे संपत आले, पितळी मागवायला हवेत. तास तसाच जायचा. विहीर आटली, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि आटलेल्या विहिरीवर रहाट चालू ठेवणारा माणूस लबाड असतो किंवा मूर्ख. आपण दोन्ही नाही, असं त्याला वाटायचं.

३

पुढच्या पहिल्या वारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वारीही. अलीकडची सभा धरली की मग पलीकडची धरायची, शिष्टाचाराने एक पाऊल मागे राहून. आता कॅलेबला त्यातली माणसं वेगळी कळू लागली. एकीचे बूट चामड्याचे असावेत, करकर वाजायचे. एक होती ती बसण्याआधी बाकावरून हात फिरवायची. एक उशिरा यायची; तिच्यासाठी सगळ्या रांगेला सरकावं लागायचं.

तिसऱ्या वेळी जोएल उभा राहिला. जोएल क्वचित बोलायचा, बोलला तर गायीवरच.

"माझी एक गाय आहे," जोएल म्हणाला. "म्हातारी आहे, दूध देत नाही. ती विकायला काढली, तर बाकीच्या सगळ्यांनी दूध आटवलं. शेवटी परत आणली. आता सगळ्या देतात. तीच तेवढी देत नाही." थोडा थांबला. "एवढंच."

तो बसला. बोलणं पचायला सोडायची शांतता पसरली. आणि फळ्यांमागे कुणीतरी हसू दाबलं.

तरुण बाईचं हसू होतं. नाकातून निसटलेलं, मग रुमालात कोंबलेलं. तिच्या शेजारणीने तिला कोपर मारलं असावं, कारण बाक एकदाच कुरकुरला.

कॅलेबने चटकन सहाही जणांकडे पाहिलं. सहांचे डोळे मिटलेले, हात मांडीवर, चेहरे दगडाचे. कुणाची पापणीही हलली नव्हती. म्हणजे ते फक्त आपल्यालाच ऐकू येतंय. आवाजाहून हे वाईट होतं. त्याच्या एका चुलत्याला म्हातारपणी परसातल्या पंपातून आईच्या हाका ऐकू यायच्या, आणि घरच्यांनी त्याला शेवटी वेडा ठरवलं होतं, ते त्याला आठवलं.

बाहेर त्याने जोएलला गाठलं. "फळ्यांमागे काही आवाज येतो का रे?"

जोएल ट्रकच्या दाराशी किल्लीशी खटपट करत होता. "लाकूड आहे ते. लाकूड बोलतं. तुला कळायला हवं, तूच विकतोस."

"मी लोखंड विकतो."

"मग म्हणूनच कळत नाही तुला." किल्ली त्याच्या हातून बर्फात पडली. ती त्याने बराच वेळ शोधली.

मर्सी काठी टेकत जवळ आली. "कॅलेब, आज वीस मिनिटं तू भिंतीकडे बघत होतास. काय रे, भिंत उठून बोलणार होती?"

"तुझे डोळे मिटलेले होते, मर्सी."

"मिटलेल्या डोळ्यांनी मी तुझ्या बापालाही पेंगताना पकडायची," मर्सी म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेली. जाताना तिने एकदा वळून बायकांच्या दाराकडे पाहिलं. त्याच्याकडे नाही.

४

आता दुकानदाराचं डोकं चाललं. कानावर विश्वास नको, वस्तू दिसायला हवी. सुतार सरळ रेघ मारायला दोरीला निळी भुकटी लावतात. तिच्या दोन डब्या कॅलेबने सातव्या वारी, म्हणजे शनिवारी, दुपारी दुकानातून उचलली आणि लख्ख उन्हात बायकांच्या बाजूला गेला. पहिल्या तीन रांगांवर चाळणीने भुकटी पेरली, पातळ, एकसारखी. समोरच्या उंच बाकावर, जिथे पूर्वी वडीलधाऱ्या बायका सभेकडे तोंड करून बसत, तिथेही पेरली. मग दारं बाहेरून बंद करून दोन्हींना दुकानातली नवी कुलपं ठोकली. किल्ल्या स्वतःच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी पलीकडची सभा नेहमीसारखी धरली. किती जणी बसल्या ते मनात मोजायचं नाही, असं कॅलेबने ठरवलं होतं.

सगळे गेल्यावर त्याने कुलूप काढलं. तीन रांगांवरची भुकटी जशीच्या तशी होती. एक बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. कॅलेबला इतकं हलकं वाटलं की तो मोठ्याने हसला, आणि आपलंच हसू त्या खोलीत कसं वाजतं ते ऐकून थांबला. चला. म्हणजे कानच बिघडलेत. म्हातारपण. डॉक्टरकडे जाऊ, थेंब घालू.

मग त्याने समोरचा उंच बाक पाहिला. त्यावर फळ्यांच्या भिंतीला लागून, अगदी टोकाला, एका माणसाच्या बसण्याइतकी जागा स्वच्छ होती. कडा सरळ, पुसून घेतल्यासारखी. भुकटी तिथून गेलेली होती.

तो उंच बाक भिंतीच्या दोन्ही बाजूंना सलग आहे. अलीकडे त्याच बाकावर, भिंतीला लागून दुसऱ्या जागी, चिटणीस बसतो. पहिली जागा रिकामी असते. तिथे गेली कित्येक वर्षं कुणी बसलेलं नाही.

कॅलेब इमारतीला वळसा घालून अलीकडे आला. शेगडी विझत होती. त्या रिकाम्या जागेवर त्याने तळहात फिरवला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

तळहात निळा होता.

त्याने रुमालाने बाक पुसला, दोनदा. कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, की त्या क्षणी त्याला भीती कशाची वाटली. कारण भीतीच्या पोटात, तिथेच, त्याला असंही वाटलं होतं की तासभर शेजारी कुणी बसलं होतं आणि आपण स्क्रू मोजत होतो.

५

तिसऱ्या महिन्यात वरच्या सभेकडून एस्थर ब्रिंटन आली. त्या बारा मैलांवरच्या सभेतलीच, पंचेचाळिशीची, गोल चेहऱ्याची, प्रेमळ बाई. त्या वर्षात तिने चार सभाघरं बंद केली होती आणि त्या चारींच्या किल्ल्या तिच्या पिशवीत किणकिणत होत्या. तिला ते काम आवडत नव्हतं, हे तिच्या पायांवरून कॅलेबला दिसलं.

उपासनेनंतर कामकाज सुरू झालं. कॅलेबने टेबल ओढलं, दौत-टाक मांडले, विषय सांगितला.

"सातजणांनी सभा होत नाही असं मी म्हणणार नाही," एस्थर म्हणाली. "पण सातजणांनी छप्पर होत नाही. तुमचा भार आम्ही आनंदाने घेऊ."

शांतता. मग हार्लन उभा राहिला, खोकला, म्हणाला, "ठीक आहे." पाईल बहिणी एकदम उठल्या, एकीने दोघींचं सांगितलं, "आमची हरकत नाही." जोएल म्हणाला, "मला गायी आहेत. कुठेही गेलो तरी त्याच." रूथॅनाने मान डोलावली, कॅलेबकडे न बघता. शेवटी मर्सी काठीवर भार देऊन उठली.

"मी वाटेत उभी राहणार नाही," ती म्हणाली, आणि बसली.

झालं. एकही विरोध नाही. इतका सरळ ठराव एकोणीस वर्षांत आला नव्हता. कॅलेबने टाक बुडवला आणि लिहिलं: 'बर्च रनची सभा...'

पलीकडे बाक कुरकुरला.

बसण्याचा आवाज त्याला आता झोपेतही ओळखता आला असता. हा तो नव्हता. गुडघ्यांवर हात ठेवून कुणी उठताना बाकावरचं वजन सुटतं, तसा लांबलचक आवाज. सळसळ झाली. आणि मग काहीच नाही. जी उठली ती परत बसली नाही.

आता हे ठाऊक असायला हवं, की मित्रांच्या सभेत कुणी उभं असताना चिटणीस ठराव लिहीत नाही. उभ्या माणसाने बोलायचं, किंवा बसायचं. तोवर टाक खाली. हा नियम कॅलेबने कधी मोडला नव्हता. दारुड्या हेन्रीसाठीसुद्धा नाही, जो वीस मिनिटं उभा राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, की मी कशासाठी उठलो ते विसरलो.

टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमला. कॅलेबने समोर पाहिलं. सात जोडी बूट, एस्थरचे धरून. एकही दाराकडे वळलेला नव्हता. सगळे जमिनीत रोवल्यासारखे. 'हो' म्हणणाऱ्यांचे पाय असे नसतात. पलीकडची ती उभीच होती. तिच्या मागे बाकीच्या बसलेल्या होत्या आणि वाट बघत होत्या, आणि ते वाट बघणं फळ्यांमधून इकडे येत होतं, उघड्या भट्टीची धग यावी तसं.

लिहिलं तर सुटतो, त्याला वाटलं. न लिहिलं तर आजच्या आज वेडा ठरतो. बायकोसमोर, गावासमोर.

त्याने टाक ठेवला.

"कॅलेब?" एस्थर हळूच म्हणाली. "सगळे मान्य म्हणाले."

"मला लिहिता येत नाही. कुणीतरी उभं आहे."

एस्थरने खोलीभर नजर फिरवली. सगळे बसलेले. "कोण?"

कॅलेबने फळ्यांच्या भिंतीकडे बोट केलं. "पलीकडे. महिना झाला त्यांना बसताना ऐकतोय. आज एक उठलीय. माझं डोकं फिरलं असेल तर दुसरा चिटणीस नेमा. पण मी आहे तोवर मला हे लिहिता येणार नाही."

रूथॅना मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मग मर्सीचा आवाज आला, बारीक, चिडलेला.

"महिना? मला कापणीपासून ऐकू येतंय."

"काय?"

"कापणीपासून! मला वाटलं मला एकटीलाच. म्हटलं, म्हातारी बोलायला गेली तर म्हणतील, नेऊन घाला हिला कुठेतरी."

"मला नाताळाच्या आधीपासून," हार्लन म्हणाला, आणि या वेळी खोकला नाही. "मी खोकतो ते त्यासाठीच. आवाज झाकायला. तुम्ही घाबराल म्हणून."

"एवढा खोकला!" धाकटी पाईल ओरडली. "आणि आम्ही मध पाठवतोय!"

"माझ्या गायीला ती हसली," जोएल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "साठ वर्षांत माझ्या बोलण्याला कुणी हसलं नव्हतं. मी म्हटलं हे माझं आहे. का सांगू?"

कॅलेबने बायकोकडे पाहिलं. रूथॅना म्हणाली, "मला वाटलं, तुला ऐकू येत नसेल तर तुला वाईट वाटेल."

कॅलेबने कपाळावर हात मारून घेतला. असं फक्त आपल्यातच होऊ शकतं, त्याला वाटलं. बाप्टिस्ट पंथाचे असते तर पहिल्याच दिवशी किंचाळत रस्त्यावर आले असते. आणि ही सात माणसं, कुणी महिनाभर तर कुणी कापणीपासून, डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून, प्रत्येकजण एकेकटा, गप्प बसली होती.

"ती अजून उभी आहे," मर्सी म्हणाली. "चांगलं वळण आहे म्हणून थांबलीय. फळ्या वर घ्या."

६

रहाटाला दोन माणसं लागतात. कॅलेब आणि जोएल माळ्यावर चढले. अकरा वर्षांत तेल नाही, दोर ताठलेला. कॅलेबला वाटलं होतं दांडा जागचा हलायचा नाही. पाच माणसांच्या वजनाच्या फळ्या.

दांडा एका हाताने फिरला.

जोएलने त्याच्याकडे पाहिलं. दोर वर येत होता, पण त्याला ताण नव्हता. खाली फळ्या चढत होत्या, जणू पलीकडून पुष्कळ हात त्या वर देत होते. जिथून दोर खाली उतरतो तिथे छताला चार बोटं रुंद फट आहे. कॅलेबने ओणवं होऊन तिला डोळा लावला.

खाली बायकांची बाजू. दुपारचं ऊन. आणि उन्हात पांढऱ्या टोप्यांचे माथे, रांगेमागे रांग, कबुतरं दाटीने बसावीत तसे. समोर एक उभी. तिचा माथा हलला. ती मान वर करू लागली होती, फटीकडे, सावकाश, कपाळ दिसलं.

कॅलेबने डोळा काढून घेतला.

"काय दिसतंय?" जोएलने विचारलं.

"तू ओढत राहा."

ते खाली आले तेव्हा फळ्या पूर्ण वर गेलेल्या होत्या आणि खोली दुप्पट झाली होती. पलीकडचे बाक रिकामे होते. दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन थेट त्यांच्यावर पडलं होतं, धूळ चमकत होती. कुणी नव्हतं. पण एस्थर ब्रिंटन तोंडावर हात धरून उभी होती, आणि पिशवी तिच्या पायाशी पडली होती.

"काय पाहिलंस?" कॅलेब तिला म्हणाला.

"विचारू नकोस तिला," रूथॅना म्हणाली. "कुणी कुणाला विचारायचं नाही."

कॅलेब चिटणिसाच्या जागी जाऊन बसला. रिकाम्या बाकांकडे तोंड करून, सभेत उभं राहिलेल्या कुठल्याही माणसाला म्हणावं तसं तो म्हणाला, "मैत्रिणी, बोल. आम्ही ऐकतोय."

शब्द आले नाहीत. शांतता आली. ती अलीकडे सुरू झाली की पलीकडे, हे कुणाला सांगता आलं नसतं. ती दोन्हीकडून एकदम चढली, आणि कॅलेब तिच्यात गळ्यापर्यंत बुडाला. शेजारी कुणी बसलं होतं, आणि या वेळी ते त्याला ठाऊक होतं. त्याने मान वळवली नाही. वळवावीशीही वाटली नाही. त्या शांततेत त्याला काय सांगितलं गेलं ते त्याने पुढे रूथॅनालासुद्धा सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की ते ओरडणं नव्हतं, माझी वास्तपुस्त होती.

किती वेळ गेला कळलं नाही. ऊन दोन खिडक्या सरकलं होतं. मग पलीकडे बाक कुरकुरला, वजन टेकल्याचा आवाज. ती बसली.

कॅलेबने टाक उचलला. 'बर्च रनची सभा' हे लिहिलेलं होतंच. त्यापुढे त्याने लिहिलं, 'चालू राहील,' आणि वाचून दाखवलं.

"मान्य," मर्सी म्हणाली. "मान्य," जोएल म्हणाला. "मान्य, मान्य," खोली म्हणाली. कॅलेबने मोजलं नाही.

एस्थरने पिशवी उचलली. "वरच्या सभेला मी काय सांगू?"

"सांग की कल तसा नव्हता."

"आणि छप्पर?"

"पत्रे माझ्या दुकानात आहेत," कॅलेब म्हणाला. "शिडी जोएलकडे आहे. ते बघू आम्ही."

पुढच्या पहिल्या वारी दोन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या. जोएलने ट्रक भरून लाकूड आणलं होतं. पुरुष-बायका ज्याला जिथे वाटेल तिथे बसले. मर्सी आपला पासष्ट वर्षांचा बाक सोडून पलीकडे, मधल्या वाटेला लागून. दहा वाजून गेले. सभा धरत आली होती तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि एस्थर ब्रिंटन आत आली, बारा मैलांवरून. तिच्यामागे तिच्या सभेतलं एक तरुण जोडपं होतं, बाईच्या कडेवर झोपलेलं मूल.

जोडपं मागे बसलं. एस्थर मर्सीच्या बाकाशी आली. बाकावर मर्सीशिवाय कुणीच नव्हतं. एस्थर तिला ओलांडून शेजारी टेकणार, तोच मर्सीने तिची बाही धरली.

"तिथे नाही," मर्सी कुजबुजली. "थोडं पुढे."

एस्थर क्षणभर थांबली. मग तिने झगा गुडघ्याशी गोळा केला, पाय जपून टाकत, अंग चोरून त्या रिकाम्या जागेपुढून गेली, आणि जाता जाता हळूच म्हणाली, "माफ कर हं, उशीर झाला."

आणि पलीकडे जाऊन बसली.